नदीला दूध पचत नाही

दूध म्हणजे पूर्णान्न. लहान मुलाला दूध, आजाऱ्याला दूध, देवाला दूध. दुधाने कोणाचे वाईट झाल्याचे आपण सहसा ऐकत नाही. मग एक प्रश्न विचारतो. एक लिटर ताजे, निर्भेळ दूध एखाद्या लहानशा डबक्यात ओतले, तर त्या डबक्यातल्या माशांचे काय होईल? पुष्कळ जण म्हणतील, मासे पुष्ट होतील. प्रत्यक्षात ते मरण्याचाच संभव अधिक. दुधाची काही त्यांना विषबाधा होणार नाही. ते गुदमरून मरतील.

हे कसे होते ते समजून घेऊ. मासे श्वास घेतात तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या जोरावर. पण पाणी याबाबतीत फार कंजूष आहे. आपल्या नेहमीच्या तापमानाला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसच्या आसपास, एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे आपल्या मानाने मासा नेहमीच दुष्काळी भागात राहतो. हे प्रमाण ४ मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागले, की बहुतेक माशांची धडगत नसते.

आता या डबक्यात दूध पडले. दुधात शेकडा ८७ भाग पाणी असले, तरी उरलेल्या १३ भागांत दुग्धशर्करा आहे, स्निग्धांश आहे, प्रथिने आहेत. आपल्याला जे पौष्टिक तेच जीवाणूंनाही पौष्टिक. डबक्यात जीवाणू असतातच. त्यांना ही मेजवानी मिळते, त्यांची संख्या तासातासाला वाढत जाते. जेवण पचवायचे म्हणजे प्राणवायू हवा. तो ते पाण्यातून घेतात. हवेतून नवा प्राणवायू पाण्यात विरघळतो खरा, पण अगदी सावकाश. खर्च जास्त आणि जमा कमी झाली, की शिल्लक शून्यावर येते.

पाण्याच्या नावावर अशी किती उधारी चढली आहे, हे मोजण्याची एक रीत आहे. पाण्याचा नमुना बाटलीत घट्ट बंद करून ठराविक दिवस ठराविक तापमानाला अंधारात ठेवायचा, आणि तेवढ्या काळात जीवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजायचे. याला जैवरासायनिक प्राणवायू मागणी, थोडक्यात बी.ओ.डी., म्हणतात. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची रासायनिक पद्धत विंकलर या हंगेरियन शास्त्रज्ञाने १८८८ साली शोधून काढली होती. पुढे १९१२ साली इंग्लंडच्या सांडपाणीविषयक राजआयोगाने या कसोटीला पाच दिवसांची मुदत ठरवून दिली. आपल्या उष्ण देशात जीवाणूंचे काम भराभर चालते, म्हणून भारतात २७ अंशांवर तीनच दिवसांची कसोटी वापरतात.

घरगुती सांडपाण्याची बी.ओ.डी. साधारणपणे दर लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. दुधाची किती असेल? सुमारे १,००,०००! हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला छपाईची चूक वाटते. पण हिशेब करून पाहा. एक ग्रॅम दुग्धशर्करा पूर्णपणे जाळायला सुमारे १.१ ग्रॅम प्राणवायू लागतो. (नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी समीकरण मांडून हे पडताळावे. दुग्धशर्करेचे रेणुसूत्र उसाच्या साखरेचेच आहे.) एक लिटर गाईच्या दुधात ४७ ग्रॅमच्या आसपास शर्करा असते. तिचीच मागणी ५० ग्रॅमच्या पुढे जाते. त्यात चाळीसेक ग्रॅम स्निग्धांश. त्याची भूक तर शर्करेच्या अडीचपटीहूनही अधिक. शिवाय प्रथिने. म्हैस दूध देत असेल तर स्निग्धांश आणखी जास्त.

तेव्हा एक लिटर दूध म्हणजे सुमारे १०० ग्रॅम प्राणवायूची उधारी. दर लिटरला ८ मिलिग्रॅम या हिशेबाने ती फेडायला १२,५०० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू लागेल. श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तुमच्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकली असेल. त्या म्हातारीच्या खुलभर दुधाने देवाचा गाभारा भरला. खुल्यात १०० मिलिलिटर दूध मावते असे धरले, तर तेवढेच दूध ओढ्यात पडल्यावर सव्वा हजार लिटर पाणी रिते होते. एवढे पाणी म्हणजे गच्चीवरची एक मोठी टाकी.

दूध नाल्यात जाते कसे?

जाणूनबुजून कोणी दूध ओतत नाही. ते धुण्याच्या पाण्याबरोबर जाते. घरी दुधाचे पातेले रिकामे केल्यावर आत जी पांढरी पुसट साय चिकटून राहते, तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर डेअरीत घडते. टँकर रिकामे होतात, कॅन उलटे होतात, नळ्या, टाक्या, पाश्चरीकरणाची यंत्रे, पिशव्या भरण्याची यंत्रे ही सगळी रोज धुवावी लागतात. आधी साधे पाणी, मग कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण, मग सौम्य आम्ल, मग पुन्हा पाणी. कुठे झडप गळते, कुठे पिशवी फुटते. हे सारे पाणी गटारात एकत्र येते.

समजा, एका डेअरीत रोज एक लाख लिटर दूध येते आणि त्यातले शेकड्याला एकच लिटर अशा रीतीने वाया जाते. एक टक्का म्हणजे काही मोठी उधळपट्टी नव्हे. तरी ते रोजचे १,००० लिटर झाले, म्हणजे १०० किलोग्रॅम बी.ओ.डी. एक माणूस दिवसाला साधारण ५० ग्रॅमचा भार सांडपाण्यात टाकतो. म्हणजे या एका डेअरीच्या धुवणाचा भार दोन हजार वस्तीच्या गावाएवढा. २०२३–२४ या वर्षात भारतात सुमारे २३ कोटी ९० लाख टन दूध निघाले. यातले बरेचसे घरीच वापरले जाते किंवा थेट विकले जाते. पण डेअऱ्यांत जाणारा वाटाही लहान नाही.

मोठ्या डेअऱ्यांपेक्षा कधी कधी लहानांचीच काळजी अधिक वाटते. शीतकरण केंद्र, पनीर करणारा कारखाना, शंभर जनावरांचा गोठा यांच्यामागून वाहणारा नाला पाहिला आहे का? सुरुवातीला पाणी पांढुरके असते. थोडे पुढे गेल्यावर दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल होते, पाणी आंबते आणि केसीन हे प्रथिन दह्यासारखे साकळून तळाशी बसते. प्राणवायू संपला, की त्याच्याशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात. त्यांच्या कारभारातून हायड्रोजन सल्फाइडसारखे दुर्गंधी वायू निघतात, नाला काळा पडतो. जवळ विहीर असेल तर तेच पाणी झिरपून तिच्यात उतरते.

पनीर किंवा छन्ना गाळल्यावर जे हिरवट निवळ पाणी उरते, त्याची बी.ओ.डी. तर ३० ते ५० हजारांपर्यंत असते. त्यात जवळजवळ सगळी शर्करा उतरलेली असते. शहाणी गृहिणी त्यात कणीक भिजवते. कारखान्यानेही ते वेगळे काढून जनावरांना पाजावे किंवा त्याची भुकटी करावी. ते गटारात सोडून मग शुद्ध करत बसणे हा उलटा व्यवहार झाला.

दुग्धव्यवसायाच्या सांडपाण्यासाठी आपल्या देशात बी.ओ.डी.ची मर्यादा १०० मिलिग्रॅम ठरवलेली आहे. हजार-दीड हजारांवरून शंभरापर्यंत खाली यायचे, तर मोठ्या डेअऱ्या पाण्यात यंत्राने हवा घुसळतात. १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी शोधलेली ही रीत. ती चांगली आहे, तिने जगातल्या कितीतरी नद्या वाचल्या. पण हवा घुसळायला रात्रंदिवस वीज लागते, आणि जीवाणूंचा जो चिखल साठत जातो त्याची विल्हेवाट लावावी लागते. लहान केंद्राला यंत्र एक वेळ परवडते. ते चालवणारा माणूस आणि विजेचे बिल परवडत नाही. तेव्हा वीज न खाता हवा खेळती ठेवणारा आणि चिखल न साठवणारा कोणी मिळेल का?

गाळणी, पण गाळणारी नव्हे

पाणी वाळू-खडीतून गाळले म्हणजे झाले, असे एखाद्याला वाटेल. पण साखरेचे पाणी फडक्यातून गाळून साखर वेगळी करता येते का? दुग्धशर्करा विरघळलेली असते; ती कोणत्याही वाळूतून पाण्याबरोबर सरळ खाली उतरते. तिला अडवणारे जाळे नाही. तिला खाणाराच कोणी तरी हवा.

म्हणून या गाळण्यांत खडीचे काम अडवण्याचे नसून बसायला जागा देण्याचे असते. खडीच्या, भुशाच्या, काथ्याच्या प्रत्येक कणावर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. नदीतल्या दगडावर पाय घसरतो तो अशाच थरामुळे. वरून पाणी थेंबाथेंबाने शिंपडले, की ते या थरांवरून पातळ पापुद्र्यासारखे ओघळते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कणांच्या फटीतली हवा. जीवाणूंना अन्नही मिळते आणि प्राणवायूही. पाणी घुसळावे लागत नाही. ते स्वतःच हवेतून जाते.

इथपर्यंत सगळे छान. अडचण पुढे येते. जीवाणू खातात तसे वाढतात. बुळबुळीत थर जाड होत जातो, दुधाचा साका आणि स्निग्धांश फटीत अडकतो, आणि काही आठवड्यांत गाळणी तुंबते. वर पाणी साचते, आत हवा जात नाही, वास मारू लागतो. आता ती उकरणार कोण?

इथे गांडूळ येते.

गांडुळाला दात नाहीत, डोळे नाहीत, फुप्फुसे नाहीत. तरी ते एक चालते-फिरते जाते आहे. त्याच्या अन्नमार्गात पेषणी नावाचा जाड स्नायूंचा भाग असतो. गिळलेल्या मातीतल्या बारीक कणांच्या मदतीने तिथे अन्न दळले जाते. गांडूळ कुजका पाला खाते असे आपण म्हणतो. खरे पाहता पाल्यावर वाढलेले जीवाणू आणि बुरशी हा त्याच्या जेवणाचा मोठा भाग असतो. म्हणजे गाळणीतला तो बुळबुळीत थर त्याला आयता वाढलेल्या ताटासारखा. ते तो खरवडून खाते, अडकलेला साका खाते आणि बारीक दाणेदार विष्ठा मागे टाकते. त्या दाण्यांत पाणी सहज मुरते आणि त्यांच्यावर जीवाणूंना पुन्हा बसायला जागा होते. जाता जाता त्याची बिळे तयार होतात, त्यांतून हवा खाली उतरते. जीवाणू पाणी शुद्ध करतात. गांडुळे जीवाणूंना दाटी होऊ देत नाहीत. दूध गांडूळच पिऊन टाकते, अशी समजूत कोणाची झाली असेल तर ती इथेच सोडून द्यावी.

गांडुळाच्या या कष्टांकडे जगाचे लक्ष वेधले ते चार्ल्स डार्विनने. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवर एक अख्खे पुस्तक लिहिले. इंग्लंडातल्या कित्येक ठिकाणी एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरांतून जाते, असा त्याचा हिशेब होता. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्यापुढे शिट्टी आणि पियानो वाजवून पाहिला. आवाजाने काही झाले नाही. पण गांडुळांची कुंडी पियानोवरच ठेवून सूर छेडला, तेव्हा ती झटकन बिळात शिरली! त्यांना आवाज नाही, कंप कळतो.

प्रत्येक गांडूळ मात्र या कामाचे नाही. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ज्याची आकृती असते ते फेरेटिमा (आता त्याला मेटाफायर म्हणतात) जमिनीत खोल राहते आणि माती खाते. गाळणीला हवीत ती शेणाच्या ढिगात, पाल्याच्या थरात, वरच्यावर राहणारी, अधाशी आणि भराभर वाढणारी. तांबूस पट्ट्यांचे आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतून आलेले युड्रिलस आणि आपल्याकडचे पेरिओनिक्स ही त्यांतली प्रसिद्ध नावे. यांची संख्या अन्नाच्या मानाने आपोआप वाढते व कमी होते.

सांडपाण्यासाठी अशी गांडूळ-गाळणी पद्धतशीरपणे मांडली ती चिलीमधील प्राध्यापक होसे तोहा यांनी, १९९२ साली. वर लाकडाच्या भुशात गांडुळे, खाली खडी-गोटे, आणि तळाशी हवा खेळायला पोकळी; पाणी फवाऱ्याने शिंपडायचे. पुढे ही रीत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांमधल्या मोठ्या गोठ्यांपर्यंत पोचली. शेकडो गाईंच्या गोठ्याचे पाणी भुशाच्या लांबच लांब वाफ्यांवर शिंपडतात आणि खालून निघालेले पाणी पिकांना किंवा गोठा धुण्याला देतात. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी माती, गांडुळे आणि झाडे यांचा मेळ घालून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली.

मग कर्दळ कशाला?

गांडूळ-गाळणीतून उतरलेले पाणी निवळ दिसते, वास गेलेला असतो, बी.ओ.डी. पुष्कळ उतरलेली असते. पण त्यात एक गोष्ट वाढलेली असते: नायट्रेट. दुधातल्या प्रथिनांत नत्र असते. जीवाणू प्रथिने फोडतात तेव्हा त्यातून अमोनिया निघतो. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले, की जमिनीतले काही जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि गांडूळ-गाळणीत तो असतो. त्यामुळे त्यांचे तिथे चांगलेच फावते. अमोनिया गेला हे उत्तम, कारण तो माशांना विषारी. पण नायट्रेट विहिरीत उतरले तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते. नाल्यात, तळ्यात गेले तर शेवाळ माजते.

या नायट्रेटचा बंदोबस्त पाणवनस्पतींच्या वाफ्यात होतो. जर्मनीत प्लोन येथे कॅथे झायडेल या संशोधक बाईंनी १९५० नंतरच्या दशकात लव्हाळ्यासारख्या वनस्पती घाण पाण्यात वाढवून त्यांचे प्रयोग सुरू केले. नद्या साफ करायला गवत काय करणार, अशी तेव्हाच्या अनेक अभियंत्यांची वृत्ती होती. आज असे कृत्रिम पाणथळ वाफे जगभर आहेत. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने 'फायटोरिड' नावाने अशीच पद्धत तयार केली आहे.

पाणकणीस, नळ, लव्हाळा, कर्दळ, वाळा या वनस्पतींचे वैशिष्ट्य असे, की त्यांची मुळे चिखलात बुडाली तरी गुदमरत नाहीत. पाणकणसाचा किंवा कर्दळीचा दांडा आडवा कापून पाहा. आत पोकळ घरे दिसतील. या पोकळ्यांतून हवा पानांपासून मुळांपर्यंत उतरते, आणि थोडी मुळांतून बाहेरही झिरपते. त्यामुळे मुळाला लागून हवेशीर जागा आणि बोटभर अंतरावर प्राणवायू नसलेली जागा अशी शेजारशेजारची दोन जगे तयार होतात. प्राणवायू नसलेल्या जागेतले जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नत्रवायू हवेत निघून जातो. झाड स्वतःही नत्र आणि फॉस्फरस शोषून घेते. पण तो वाटा लोक समजतात त्यापेक्षा लहान असतो, आणि पाने कापून बाहेर नेली नाहीत तर ती तिथेच कुजून घेतलेले सारे परत करतात. शोभा झाडाची, कष्ट पुन्हा जीवाणूंचेच.

गांडुळे एका वाफ्यात आणि झाडे दुसऱ्यात असे न करता दोघांना एकाच गाळणीत ठेवले तर? भुवनेश्वरच्या आय.आय.टी.मधल्या संशोधकांनी नेमके हेच केले. प्रयोगशाळेत बनवलेले डेअरीसारखे सांडपाणी त्यांनी कर्दळ आणि आयसेनिया गांडुळे असलेल्या गाळणीतून सोडले. त्यांचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. मुळे गांडुळांना सावली आणि ओलावा देतात, पाण्याला वाटा करून देतात. गांडुळांच्या विष्ठेतून झाडाला खत मिळते. शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही.

मी इतके गुण गायले म्हणून ही जादू आहे असे समजू नये. गांडूळ त्वचेने श्वास घेते. त्वचा ओली हवी, पण ते पाण्यात बुडून राहिलेले चालत नाही. म्हणून पाणी थोडे थोडे, थांबून थांबून द्यावे लागते. डेअरीच्या पाण्यात सकाळी कॉस्टिक सोडा तर दुपारी आम्ल. दोन्ही थेट वाफ्यावर गेली तर गांडुळांचा त्याच दिवशी फडशा पडेल. म्हणून आधी सगळे पाणी एका टाकीत मिसळू द्यायचे, थंड होऊ द्यायचे. त्याआधी स्निग्धांश वर तरंगू देऊन काढून घ्यायचा, नाही तर तो भुशावर लोण्यासारखा लिंपून बसतो. जंतुनाशके आणि चीजचे खारे पाणी यांना मज्जाव. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना हीही मोठीच परीक्षा. ३५ अंशांच्या वर आयसेनिया तग धरत नाही, म्हणून वर सावली हवी, गवताचे आच्छादन हवे. मुंग्या आणि पक्षी यांचा उपद्रव वेगळाच. फॉस्फरस या गाळणीत पुरता अडत नाही. आणि जागा लागते, यंत्रापेक्षा बरीच अधिक. रोज पाच लाख लिटर दूध हाताळणाऱ्या शहरातल्या डेअरीला हा उपाय मी सुचवणार नाही. गावाकडच्या शीतकरण केंद्राला, गोठ्याला, पनीरवाल्याला मात्र जरूर सुचवीन. तिथे जागा आहे, शेण आहे, पाण्याला गिऱ्हाईक म्हणून शेत आहे. नाही ती वीज.

शाळेत करून पाहा

पहिला प्रयोग अगदी सोपा आहे. बुचाच्या तीन स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या. एका बादलीत तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी थोडे मिसळलेले साधे पाणी घ्या. नळाचे असेल तर एक रात्र उघडे ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन निघून जाईल. पहिल्या बाटलीत हे पाणी नुसतेच भरा. दुसऱ्या बाटलीत लिटरला एक थेंब दूध आणि तिसरीत लिटरला वीस थेंब दूध या प्रमाणात मिसळलेले पाणी भरा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू असते. त्याच्या विरल द्रावणाचे थोडे थेंब प्रत्येक बाटलीत टाकून पाणी फिकट आकाशी करा. बाटली काठोकाठ भरून बुडबुडा न राहील असे बूच लावा आणि तिन्ही बाटल्या कपाटात अंधारात ठेवा. रोज एकदा पाहा. पाण्यातला प्राणवायू संपला, की मिथिलीन ब्लूचा निळा रंग नाहीसा होतो. तिसऱ्या बाटलीचा निळेपणा बहुधा एक-दोन दिवसांत जाईल. मग तिचे बूच काढून पाणी जोराने हलवा आणि काय होते ते वहीत लिहा. बाटल्यांतले पाणी चाखू नये. हात साबणाने धुवावेत.

दुसऱ्या प्रयोगाला दीड-दोन महिने लागतील. रंगाच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या चार बादल्या घ्या. तळाला भोक पाडून त्यात नळी बसवा. तळाशी दहा सेंटिमीटर मोठी खडी, त्यावर बारीक खडी, त्यावर जाड रेती आणि सर्वांत वर वीतभर जाडीचा गांडूळखत व काथ्याचा भुसा यांचा थर द्या. चारही बादल्या सारख्या भरा. पहिलीत काही घालू नका. दुसरीत शंभर गांडुळे सोडा. तिसरीत कर्दळीचा एक कोंब लावा. चौथीत दोन्ही. पहिले पंधरा दिवस रोज फक्त साधे पाणी शिंपडा, म्हणजे खतातला तांबडा रंग धुऊन जाईल आणि गांडुळे रुळतील. मग प्रत्येक बादलीला रोज दोन लिटर पाण्यात १० मिलिलिटर दूध मिसळून द्या. एकदम ओतू नका, दिवसभरात चार-पाच वेळा विभागून शिंपडा. हे पाणी दर लिटरला सुमारे ५०० मिलिग्रॅम बी.ओ.डी.चे झाले, म्हणजे सौम्य डेअरी-सांडपाणी. एखाद्या दिवशी गांडुळे बादलीच्या कडेने वर चढताना दिसली, तर त्यांना आत काही सोसत नाही असे समजून दोन दिवस नुसते पाणी द्या.

दर आठवड्याला चारही नळ्यांतले पाणी बाटल्यांत भरून मिथिलीन ब्लूची कसोटी लावा. निळा रंग किती दिवस टिकतो ते मोजा. शिवाय एक लिटर पाणी वरून ओतल्यावर ते खाली उतरायला किती मिनिटे लागतात, तेही घड्याळ लावून लिहून ठेवा; पहिली बादली कोणत्या आठवड्यात तुंबू लागते आणि दुसरी तुंबते की नाही, हे त्यावरून कळेल. शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाण्यात नायट्रेट असेल तर जीवाणू त्यातलाही प्राणवायू वापरतात, त्यामुळे निळा रंग अधिक काळ टिकतो. तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत फरक कमी दिसला, तर दोन्ही पाण्यांत सारखेच नायट्रेट आहे असे म्हणता येईल का? मुलांना हा प्रश्न जरूर घालावा.

प्रयोग संपल्यावर कर्दळ शाळेच्या बागेत लावा. गांडुळे शाळेच्या खतखड्ड्यात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या शेणखताच्या ढिगात सोडा. आयसेनिया आणि युड्रिलस मूळची बाहेरदेशची आहेत, म्हणून रानात किंवा नदीकाठी मात्र ती सोडू नयेत.